आईची खोली आणि आमचे भाड्याचे घर

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत नवी ओळख झाली की तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "कुठे असता?" दुसरा, "कुठल्या कंपनीत?" आणि तिसरा, "घर घेतलंत का?" गेली पंधरा वर्षे तिसऱ्या प्रश्नाला मी "नाही अजून, भाड्यानेच राहतो" असे उत्तर देत आलो आहे. त्यावर समोरची व्यक्ती एकतर विषय बदलते किंवा कळवळून सल्ला देते. एका काकांनी तर ताटातली जिलबी बाजूला ठेवून मला समजावले होते, "अरे, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. हप्ता म्हणजे भिंतीत."

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली, त्यामुळे कोणत्याही प्रश्नाचा तक्ता मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. २०११ साली मी असा एक तक्ता केला. घराची किंमत, व्याजाचा दर, मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती, प्राप्तिकरातली सूट, भाड्यात होणारी वाढ आणि तेच पैसे बाजारात गुंतवले तर मिळणारा परतावा अशा चाळीसेक ओळी त्यात होत्या. दर वर्षी जानेवारीत मी नवे आकडे भरतो. उत्तर कधी "घ्या" येते, कधी "थांबा" येते. पण मागे वळून पाहताना लक्षात येते की आमचा एकही निर्णय त्या तक्त्याने केला नाही. प्रत्येक वेळी निर्णय झाला तो तक्त्यात रकानाच नसलेल्या एखाद्या गोष्टीमुळे. व्हिसा, मुलीची शाळा, घरमालकीणबाईंचे वय आणि सर्वात जास्त वेळा, आईची गिरगावातली खोली.

त्या खोलीवरून २०२० साली माझे आईशी भांडण झाले. ते मिटल्यावर मी घर, भाडे आणि कायदा यांचा इतिहास वाचू लागलो. हा लेख त्या वाचनातून झाला आहे.

गिरगावातली खोली

आजोबा १९३८ साली रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले आणि एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून लागले. ते सांगत की तेव्हा चाळींवर "जागा भाड्याने देणे आहे" अशा पाट्या लटकत असत आणि मालक भाडेकरूची वाट पाहत. त्यांनी दीड खोली घेतली. एकशे ऐंशी चौरस फूट, पुढे समाईक गॅलरी, टोकाला संडास, भाडे अठरा रुपये. अनामत नाही, पागडी नाही. खोली विकत घेण्याचा विचार त्यांच्या मनात येणे शक्यच नव्हते, कारण चाळीतली एक खोली विकत मिळण्याची सोयच तेव्हा नव्हती. इमारत एकाची, खोल्या अनेकांच्या, अशीच मुंबईची घडी होती.

याला थोडी पार्श्वभूमी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंगा, शीव भागात आखीव वस्त्या उभ्या राहू लागल्या. पहिल्या महायुद्धात जागेची टंचाई झाली तेव्हा १९१८ साली भाड्यावर नियंत्रण आणणारा तात्पुरता कायदा झाला. त्याच सुमारास, १९१५ मध्ये, गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिच्या मागचे मुख्य कार्यकर्ते. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथून धरतात. ज्यांच्याकडे कायमची पगारी नोकरी, थोडी शिल्लक आणि एकमेकांवर विश्वास असलेली ज्ञाती होती त्यांना हा मार्ग मोकळा होता. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेल्या माणसाला तो नव्हता. त्याच्यासाठी सरकारने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बी. डी. डी. चाळी बांधल्या. एकाच शहरात, एकाच दशकात, कोण मालक होणार आणि कोण भाडेकरू राहणार हे हिशेबापेक्षा परिस्थितीने ठरत होते.

दुसरे महायुद्ध आले आणि पाट्या उतरल्या. मुंबईत माणसे येत राहिली, बांधकाम थंडावले. १९३९ आणि १९४४ मध्ये भाडेनियंत्रणाचे कायदे झाले आणि शेवटी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्यावर गोठवले. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, शहर आणखी दाटले. कायदा तात्पुरता म्हणूनच आणला होता, पण मुदत संपत आली की ती वाढवली जाई. असे पन्नास वर्षे चालले. अठरा रुपये भाडे वेगवेगळे कर धरूनही माझ्या लहानपणी, म्हणजे १९८०च्या दशकात, पन्नासच्या आतच होते.

याचे परिणाम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. मालकाला भाड्यात इमारतीचा रंगसुद्धा परवडेना, म्हणून त्याने दुरुस्ती सोडली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि उपकर लावून त्यातून टेकू लावायला सुरुवात केली. खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून पागडी घ्यायची आणि त्यातला वाटा मालकाला द्यायचा, हा व्यवहार कायद्याने गुन्हा होता, पण अर्धे दक्षिण मुंबई त्यावर चालत होते. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. मग महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात दर वर्षी चार टक्के वाढ मान्य केली आणि पागडीला कायद्याची मान्यता दिली.

मी अभियंता असल्यामुळे कायदा वाचताना मला आधी सूत्रे दिसतात. पण या कायद्यात सूत्रांपेक्षा माणसांच्या घरगुती परिस्थितीचेच जास्त वर्णन आहे. भाडेकरू वारला तर हक्क कुणाकडे जातो? मृत्यूच्या वेळी जो घरचा माणूस त्याच्याबरोबर राहत होता त्याच्याकडे. तसा कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार. माझे वडील २०१२ साली गेले. माझा इथे अमेरिकेत मुक्काम, चुलतभाऊ बोरिवलीला, आणि खोलीत फक्त आई. भाड्याची पावती आईच्या नावावर झाली. कुणी वाद घातला नाही, आणि घातला असता तरी कायदा आईच्याच बाजूने होता.

त्याच कायद्यात दुसरे एक कलम आहे. राहण्यासाठी दिलेली जागा वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालकाला ती परत मागता येते. हे कलम जुन्या १९४७ च्या कायद्यातही होते. पोटभाडेकरू ठेवावा तर तेही जागा खाली करून मागायला पुरेसे कारण. थोडक्यात, खोली तुमची आहे, पण तुम्ही तिच्यात राहत असलात तरच.

आणि अमेरिकेला येणाऱ्या आईवडिलांना विमानतळावर साधारणपणे किती मुक्कामाचा शिक्का मिळतो? सहा महिन्यांचा.

वडिलांनी न घेतलेला फ्लॅट

१९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला आणि "ओनरशिप फ्लॅट" हा शब्द मध्यमवर्गीयांच्या बोलण्यात आला. तरी पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होताच. बहुतेक नोकरदार माणसे निवृत्तीच्या वेळी प्रॉव्हिडंट फंड हाती आला की घराचे बघत. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एच. डी. एफ. सी. ही घरासाठीच कर्ज देणारी संस्था काढली. स्वतः पारेख तेव्हा निवृत्त झालेले होते. पगार चालू असतानाच कर्ज काढून घर घ्यायचे, ही कल्पना आपल्याकडे रुळली ती त्यानंतर.

१९८३ च्या सुमारास वडिलांना डोंबिवलीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेण्याची संधी आली होती. ऑफिसातले दोघे सहकारी तिथेच घेत होते. वडिलांनी वहीत हिशेब मांडला, हप्ता बसत होता. पण धाकट्या आत्याचे लग्न व्हायचे होते, आजोबांना दम्याचा त्रास होता आणि त्यांचे डॉक्टर गिरगावात, आणि आईने नुकतीच फोर्टमध्ये नोकरी धरली होती. मी तीन वर्षांचा. "मुलाला कुणाकडे ठेवून लोकल पकडायची?" असे आईने विचारले म्हणे. वहीचे पान तसेच राहिले. पुढे कुणीतरी वडिलांना म्हणाले की तुम्ही लाखोंचा फायदा घालवलात. वडील म्हणाले, "तेव्हा आमच्याकडे लाख नव्हते, चार माणसं होती."

कुळाची जमीन

गावाकडची जमीन हाही याच गोष्टीचा भाग आहे. १९४८ च्या कूळ कायद्यात नंतर दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो तिचा मालक मानला गेला. कोकणात अनेक घरांच्या जमिनी यात गेल्या. काही ठिकाणी त्याची अजूनही कडवट आठवण निघते. मला स्वतःला तो कायदा न्याय्यच वाटतो, कारण पिढ्यान् पिढ्या चिखलात उभा राहणारा माणूस वेगळा आणि भाताचा खंड घेणारा वेगळा. पण त्याही कायद्यात एक अपवाद होता. जमीनमालक अज्ञान मूल, विधवा किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क काही काळ पुढे ढकलला जाई. माझी पणजी विधवा होती. ती हयात होती तोवर आमची दोन एकर भातजमीन तिच्या नावावर राहिली. ती गेल्यावर कूळ रीतसर मालक झाला. कायद्याने जमिनीकडे बघण्याआधी बाईकडे बघितले, असे म्हणायला हरकत नाही.

आज मला तीच जमीन परत विकत घ्यायची म्हटली तरी घेता येणार नाही. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयाला घर किंवा फ्लॅट घेता येतो, शेतजमीन मात्र रिझर्व्ह बँकेच्या खास परवानगीशिवाय घेता येत नाही. वारशाने मिळू शकते, पण वारसा तर केव्हाच संपला.

आपल्या आधी आलेले

हे वाचत असताना मला कॅलिफोर्नियाचा एक जुना कायदा सापडला आणि मी थबकलो. १९१३ च्या परकीय जमीन कायद्याने, ज्यांना अमेरिकेचे नागरिक होता येत नाही अशा परकीयांना शेतजमिनीची मालकी नाकारली. पट्ट्याने कसायला मिळे, तीही जास्तीत जास्त तीन वर्षे. १९२० मध्ये मतदारांनी ती पळवाटही बंद केली. कायद्याचा मुख्य रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. पण १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने "गोरा" नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. त्याबरोबर आपली माणसेही जमीन कायद्याच्या कचाट्यात आली.

वैष्णोदास बगाई यांचे उदाहरण फार बोलके आहे. १९१५ मध्ये ते पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले. बर्कलीत त्यांनी घर विकत घेतले. सामान घेऊन राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून ठेवले होते. पैसे होते, व्यवहार पुरा झाला होता, तरी त्या घरात त्यांना राहता आले नाही. १९२१ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. थिंड निकालानंतर ते नागरिकत्व काढून घेतले गेले, मालमत्ता आणि दुकान सोडावे लागले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. कलाबाईंनी मुलांना वाढवले आणि इथेच राहिल्या. २०२० मध्ये बर्कली शहराने एका रस्त्याला त्यांचे नाव देण्याचे ठरवले. मी त्या रस्त्यावरून अनेकदा गेलो आहे. तिथे पार्किंग मिळत नाही एवढीच माझी तक्रार असे, याची आता लाज वाटते.

दुसरे उदाहरण दलीपसिंग सौंद यांचे. १९२४ साली बर्कलीत गणितात डॉक्टरेट मिळवली आणि नंतर इम्पीरियल व्हॅलीत शेती केली, कारण त्या डॉक्टरेटला साजेशी नोकरी हिंदुस्थानी माणसाला मिळत नव्हती. जमीनही स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती. त्या खोऱ्यातले पंजाबी शेतकरी विश्वासातल्या अमेरिकन माणसाच्या नावाने किंवा इथे जन्मलेल्या मुलांच्या नावाने जमीन धरत. मेक्सिकन बायकांशी लग्न केलेल्या अनेक घरांत पाळण्यातले मूल कागदोपत्री जमीनदार होते. १९४६ च्या कायद्याने हिंदुस्थानींना नागरिकत्व खुले झाले. वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. कॅलिफोर्नियाचा जमीन कायदा १९५२ मध्ये न्यायालयाने रद्दबातल ठरवला. आपल्यापैकी बहुतेक मराठी मंडळी १९६५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानंतर आली. तोवर दार उघडले गेले होते. ते कुणी उघडले हे आपण फारसे विचारत नाही.

तीस वर्षांचे कर्ज, तीन वर्षांचा व्हिसा

"हप्ता म्हणजे भिंतीत" हे काकांचे वाक्य ज्या कर्जावर उभे आहे ते कर्जही फार जुने नाही. १९३० पूर्वी अमेरिकेत घराचे कर्ज थोड्या वर्षांसाठी मिळे, निम्मी रक्कम आधी भरावी लागे, मुदतभर नुसते व्याज द्यायचे आणि शेवटी मुद्दल एकरकमी किंवा नवे कर्ज. मंदीत नवे कर्ज मिळेना आणि घरे जप्त होऊ लागली. १९३३ मध्ये सरकारने एक महामंडळ काढून सुमारे दहा लाख कर्जे बदलून दिली. १९३४ मध्ये फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशन आले. तिने कर्जाचा विमा उतरवायला सुरुवात केली, म्हणून बँका लांब मुदतीची, समान हप्त्यांची कर्जे देऊ लागल्या. मुदत आधी वीस वर्षे, पुढे तीस. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सवलतीची कर्जे मिळाली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९४० मध्ये ४३.६ टक्के होते, ते १९६० मध्ये ६१.९ टक्के झाले. वीस वर्षांत देशाची सवयच बदलली.

पण हे कर्ज एका विशिष्ट माणसासाठी बेतलेले होते. तो गोरा, कायम नोकरीतला, एकट्याच्या पगारावर घर चालवणारा. काळ्या लोकांच्या वस्त्यांना त्या विम्यातून पद्धतशीर वगळले गेले. घर विकताना किंवा भाड्याने देताना असा भेदभाव करायला बंदी आली ती १९६८ मध्ये. बायको कमावती असली तरी तिचा पगार पुरा धरायला बँका तयार नसत, कारण "उद्या मूल झालं तर?" त्याला १९७४ च्या कायद्याने आळा बसला.

आता आमची परिस्थिती घ्या. मी २००३ साली शिकायला आलो, २००८ मध्ये डॉक्टरेट झाली. त्याच वर्षी घरांच्या बाजाराचा फुगा फुटला. माझ्या एका सहकाऱ्याने २००६ मध्ये घेतलेले घर त्याच्या कर्जापेक्षा स्वस्त झाले होते. मग मला एच-वन-बी मिळाला. १९९० च्या कायद्यातून आलेला हा व्हिसा तीन वर्षांचा, आणखी तीन वाढवता येतो. ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत असेल तर पुढेही वाढत जातो, पण भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. नोकरी गेली तर साठ दिवस. तीस वर्षांचे कर्ज काढायला बँक तयार होती. मीच तयार नव्हतो. त्या तक्त्यात "साठ दिवस" कुठे लिहायचे ते मला कधीच कळले नाही.

अनेकांनी याच व्हिसावर घरे घेतली आणि त्यांचे चांगले झाले. २०२३ च्या नोकरकपातीत मंडळातल्या एका मित्राची नोकरी गेली तेव्हा त्याचे घर मात्र त्याच्या छातीवर बसले होते. मुलगा दहावीत, हप्ता मोठा, आणि रोज सकाळी पत्नी उरलेले दिवस मोजे. पन्नास दिवस उलटल्यावर त्याला दुसरी नोकरी मिळाली. आज त्याला विचाराल तर तो म्हणतो घर घेतले तेच बरे केले. मलाही कुणी विचारले तर मी म्हणतो भाड्याने राहिलो तेच बरे केले. दोघेही खरे बोलतो.

आमचे ग्रीन कार्ड २०२१ च्या शेवटी आले. त्याच वर्षी जानेवारीत व्याजदर २.६५ टक्के, म्हणजे नीचांकी होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ वर गेला. १९८१ मध्ये तर अठराच्या वर होता. ज्यांनी स्वस्तात कर्ज बांधून घेतले ते आता घर विकायला तयार नाहीत, आणि ज्यांना घ्यायचे आहे त्यांना घर मिळत नाही. गिरगावात भाडे गोठले होते, इथे हप्ता गोठला. माणसे दोन्हीकडे जागच्या जागी राहिली.

घरमालकीणबाई

आम्ही राहतो ते घर एका बाईंचे आहे. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी ते १९७७ मध्ये सत्तर हजार डॉलरला घेतले. पुढच्याच वर्षी, ६ जून १९७८ रोजी, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केले. त्यामुळे मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर आला, आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. हिशेब केला तर बाईंच्या घराचे कराचे मूल्य आज फार तर एक लाख ऐंशी हजार होते. शेजारचे तसेच घर नुकतेच वीस लाखांच्या वर गेले. शेजारी वीस हजारांहून जास्त कर भरतो, बाई दोन हजारांच्या आसपास. म्हणूनच त्यांना आमचे भाडे बाजारापेक्षा कमी ठेवणे परवडते.

यजमान गेल्यावर बाई ओरेगनला मुलीकडे राहायला गेल्या. मी एकदा त्यांना विचारले, घर विकत का नाही? त्या हसून म्हणाल्या, "मी मेल्यावर विकतील." त्यांचे खरे होते. आज विकले तर नफ्यावर कर. स्वतः राहत असल्यास मिळणारी सूट त्या तिथे राहत नसल्यामुळे केव्हाच गेलेली. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र मुलांच्या दृष्टीने घराची मूळ किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाईल आणि तो कर उरणार नाही. पूर्वी मुलांना आईचा जुना मालमत्ता करही पुढे चालवता येई. २०२० मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १९ मंजूर केले आणि आता मूल स्वतः त्या घरात राहणार असेल तरच, तेही मर्यादेत, ती सवलत मिळते. मुलगी ओरेगन सोडणार नाही. म्हणजे बाई आहेत तोवर आमचे घर आहे. दर नाताळात मी त्यांना फोन करून तब्येत विचारतो. मनापासून विचारतो, पण त्यात माझा स्वार्थ मिसळलेला आहे हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही.

सहा महिने

आई २ डिसेंबर २०१९ रोजी आमच्याकडे आली. १२ मेचे परतीचे तिकीट होते. दर वेळी ती साडेपाच महिन्यांनी परत जाते. आम्हाला वाटे तिला चाळीची ओढ. मार्चमध्ये विमाने बंद झाली. व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज आम्ही केला, ती चिंता मिटली. पण जून उजाडला तसे आईचे जेवण कमी झाले. रोज शेजारच्या काकूंना फोन करून "दार उघडून दिवा लावलात का?" असे विचारे. जुलैच्या अखेरीस वंदे भारत मोहिमेच्या विमानात दिल्लीमार्गे जागा मिळत होती. बहात्तर वर्षांच्या बाईने त्या काळात प्रवास करायचा, पुढे सात दिवस हॉटेलात विलगीकरणात राहायचे, हे मला वेडेपणाचे वाटले.

मी चिडून म्हणालो, "आई, त्या दीड खोलीसाठी तू जीव धोक्यात घालणार? वकील म्हणतात 'वाजवी कारण' आहे, कुणी काही करू शकत नाही. आणि गेली तर गेली खोली. तू इथे राहा."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, इथे तुझं घर आहे. तेही तुझं नाही, त्या बाईंचं आहे. तिथे गेले की मी कुणाकडे राहायला आलेली नसते. जगात माझं असं तेवढंच आहे."

ती गेली. सुखरूप पोचली. मालकाने दावा केला नाही, तसा त्याचा विचार होता की नाही हेही मला ठाऊक नाही. मी मात्र कायदा वाचायला बसलो, आणि तेव्हा कळले की दर खेपेचे ते साडेपाच महिने ओढीचे नव्हते, कलमाचे होते. माझ्या आईने ते कलम कधी वाचले नव्हते. चाळीतल्या प्रत्येक बाईला ते पाठ असते.

यात पैशाचा भागही आहे, तो लपवण्याचे कारण नाही. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला तर भाडेकरूला नव्या इमारतीत मालकीची जागा मिळते, आजच्या नियमाने किमान तीनशे चौरस फूट. आमच्या चाळीत दोन वर्षांपासून त्याच्या सभा चालू आहेत. १९३८ पासून भाडे भरणारे घर जवळजवळ नव्वद वर्षांनी मालक होईल, झाले तर. माझ्या तक्त्यात असा परतावा कुठल्याच ओळीत बसत नाही, आणि तो मिळवण्यासाठी कुणीतरी रोज तिथे दिवा लावावा लागतो हेही बसत नाही.

गेल्या गणेशोत्सवात एका तरुण जोडप्याने माझ्याकडे तो तक्ता मागितला. मी ईमेलने पाठवला. वर चार ओळी लिहिल्या: व्हिसा कुणाचा आणि किती दिवसांचा, आईवडील कुठे आणि कुणाबरोबर, मूल कोणत्या इयत्तेत, आणि घराच्या दुसऱ्या बाजूला, मालक असो वा भाडेकरू, कोण माणूस आहे. या चार ओळी आधी भरा, मग व्याजदर बघा, असे त्यांना सांगितले. त्यांनी त्यानंतर घर घेतले. वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो, घर छान आहे.

आई या डिसेंबरात येते आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. येण्याच्या तिकिटाबरोबर परतीचेही काढले आहे. साडेपाच महिन्यांचे. या वेळी मीच तारीख मोजून काढली.